ते साडेतीन लाख बँकेत भरू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात चौदा वर्षं होतो. मंदीमुळे वर्षभरात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी बंद झाली, आणि गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या अकरा जणांना घरी बसवलं. त्यात मीही. हातात ४६ हजार यायचे. पत्नी घरी ब्लाऊज शिवते, त्याचे महिन्याला सहा हजार होतात. मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत, आई ७२ वर्षांची, तिला बीपी आणि शुगर. मोशीत वन बीएचके आहे. त्याचं १५ लाखांचं कर्ज बाकी आहे, हप्ता १८,६०० रुपये, अजून दहा वर्षं.

ग्रॅच्युइटी, रजेचे आणि नोटिशीचे पैसे, आधीची शिल्लक असे मिळून खात्यात ३ लाख ८० हजार आहेत. पीएफ साडेसहा लाख आहे, त्याला हात लावलेला नाही. क्रेडिट कार्डाचे ३८ हजार थकलेत. पत्नीचं सहा तोळे सोनं आहे, ती म्हणते मोडा. मेव्हणा म्हणतो, चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घेऊ, दोन लाख तू टाक. मला वाटतं साडेतीन लाख गृहकर्जात भरून टाकावेत. कर्ज डोक्यावर असताना खात्यात पैसे ठेवून बसणं मनाला पटत नाही. आईला सांगितलंय की मशिनरीच्या कामासाठी कंपनी बंद आहे. काय करू?

– एक वाचक, मोशी

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. महिन्याच्या खर्चाचा कागद सोबत जोडलात ते फार बरं केलंत, त्यामुळे मला मोघम बोलावं लागणार नाही. सगळ्यात आधी जे सांगायचं ते सांगते: ते साडेतीन लाख बँकेत भरू नका. या आठवड्यात तर नकोच, आणि नवी नोकरी लागून तीन पगार हातात पडेपर्यंतही नको.

तुम्ही भरायला निघालात यामागचा प्रामाणिकपणा मला कळतो. पण पैसे भरल्यावर पुढच्या महिन्यात काय होईल ते बघा. गृहकर्जात एकरकमी पैसे भरले की बँका साधारणपणे हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. साडेआठ टक्क्यांनी तुमचं कर्ज दहा वर्षांऐवजी पावणेसात वर्षांच्या आसपास फिटेल. कागदावर छान दिसतं. पण पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बँक १८,६०० रुपयेच मागणार, आणि तुमच्या खात्यात उरलेले असणार ३० हजार. त्यातून हप्ता गेला की अकरा हजार चारशे. मग किराणा कशानं भरायचा? भरलेले साडेतीन लाख परत द्या म्हणून बँकेत जाता येत नाही. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज मागायला गेलात तर पहिला प्रश्न पगाराच्या स्लिपचा.

(काही बँकांत गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्यासारखं असतं. त्यात जादा पैसे ठेवले की व्याज वाचतं आणि लागतील तेव्हा काढताही येतात. तुमचं तसं असेल तर पैसे खुशाल तिथे ठेवा. पण तुमच्या पत्रावरून ते साधं हप्त्याचं कर्ज दिसतंय.)

आता व्याजाचं. साडेतीन लाख भरले तर वर्षाला साधारण तीस हजार व्याज वाचेल. तेच पैसे मुदत ठेवीत सहा टक्क्यांनी ठेवले तर २१ हजार मिळतात. म्हणजे पैसे हातात ठेवण्याची किंमत वर्षाला नऊ हजारांच्या आत. एवढ्या पैशात तुम्ही आठ-नऊ महिने विकत घेताय. तुमच्या जागी मी असते तर ती किंमत डोळे मिटून मोजली असती.

हे मी नुसतं पुस्तकी सांगत नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. आईकडे आठ खानावळे जेवायला असायचे. चार महिन्यांत सगळे साताऱ्याला, कोकणात आपापल्या गावी निघून गेले आणि ती कमाईही बंद झाली. दोन वर्षांनी वडिलांना गिरणीतून हिशेब मिळाला, नऊ हजार रुपये. त्या दिवशी संध्याकाळी ते मला घेऊन वाण्याकडे गेले. वाण्याच्या लाल कापडी वहीत आमचं एक पान होतं. त्यांनी नोटा मोजून दिल्या, वाण्यानं त्या पानावर वरपासून खालपर्यंत आडवी रेघ ओढली, आणि वडिलांनी ती रेघ बोटानं पुसून बघितली, शाई वाळली का म्हणून. मग पतपेढीचे दिले. मग गावाकडे काकांचे मनिऑर्डरनं पाठवले. आठवडाभरात कुणाचं देणं राहिलं नाही. जूनमध्ये आम्हा तिघा भावंडांच्या फिया आणि पावसाळ्याची बेगमी आली तेव्हा घरात काही नव्हतं. वडिलांनी शेकडा पाचनं दोन हजार काढले. शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ टक्के. ते फेडायला पाच वर्षं गेली.

वाण्यानं कधी तगादा लावला नव्हता. काका तर विचारतही नव्हते. जे थांबायला तयार होते त्यांचं आधी फेडलं, आणि जो एक दिवस थांबत नाही त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पुढे मी पंचवीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. तिथे हीच चूक भल्या, सरळमार्गी माणसांकडून होताना पाहिली. नोकरी गेली की त्यांना कर्ज पापासारखं वाटायला लागतं आणि हातातली रोकड ते त्याच्यावर वाहून टाकतात.

आता तुमचा कागद समोर घेते. हप्ता १८,६००. किराणा, दूध, भाजी १२ हजार. गॅस, लाईट, मोबाईल, सोसायटीचा मेंटेनन्स साडेचार हजार. शाळा आणि क्लास साडेसहा हजार. आईंची औषधं २,२००. पेट्रोल अडीच हजार. एलआयसीचे महिन्याला पडणारे २,४०० आणि म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचे तीन हजार. एकूण ५१,७००. वहिनींचे सहा हजार वजा केले की महिन्याला ४५,७०० खात्यातून जाणार. आहे तसंच चालू ठेवलं तर ३ लाख ८० हजार आठ महिने पुरतात.

यातून एक गोष्ट मात्र लगेच करा. क्रेडिट कार्डाचे ३८ हजार उद्याच्या उद्या भरा. कर्ज भरू नका म्हणते आणि हे भरा म्हणते, यात विसंगती नाही. कार्डाचं थकलेलं बिल महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे तुमचे दर महिन्याला १,३३० रुपये नुसते व्याजाचे जाताहेत, आणि ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिलात तर मुद्दल हलतच नाही. गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे, ते शांतपणे बसून राहील. कार्ड भरून झालं की ते कपाटात ठेवा, ॲपमधून त्याची मर्यादा कमी करून घ्या, पण बंद करू नका.

राहिले ३ लाख ४२ हजार. त्यातले २२ हजार आरोग्य विम्यासाठी बाजूला काढा, त्याबद्दल पुढे लिहिते. उरले ३ लाख २० हजार. खर्चात एसआयपी थांबवा. ती थांबवली तर दंड नाही, साठलेले युनिट तसेच राहतात. रोजचं चाकणला जाणं नाही म्हणजे पेट्रोल १,२०० वर येईल. किराण्यात दीड हजार वहिनी वाचवू शकतील असं मला वाटतं, त्याहून जास्त वाचवायला जाऊ नका. वाढत्या मुलांच्या आणि शुगर असलेल्या बाईच्या ताटातून काटकसर करायची नसते. दहावीचा क्लासही तोडू नका. क्लासवाल्यांना भेटून उरलेली फी महिन्याच्या हप्त्यांनी घ्या म्हणा, बहुतेक जण ऐकतात.

आणि बँकेचा हप्ता. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण टेबलाच्या पलीकडची बाजू मी पाहिली आहे.

तुमचा आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. हीच बँकेत जाण्याची वेळ आहे. लोक उलटं करतात: दोन हप्ते थकवतात, फोन उचलत नाहीत, तिसऱ्या महिन्यात येऊन अडचण सांगतात. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत म्हणून नोंदलं जातं, आणि त्यानंतर शाखेतल्या साहेबांना कितीही वाटलं तरी त्यांचे हात बांधलेले असतात. मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. आज तुम्ही गेलात तर समोरचा माणूस ज्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे अशा कर्जदाराशी बोलत असतो.

सोबत लेखी अर्ज न्या. त्यात नोकरी कधी गेली, आजवर किती हप्ते वेळेवर भरले, आणि काय हवं ते सरळ लिहा: कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा. १५ लाख साडेआठ टक्क्यांनी दहाऐवजी अठरा वर्षांवर नेले तर हप्ता १८,६०० वरून साधारण १३,६०० वर येतो. तुमचं वय ४१, म्हणजे साठीच्या आत कर्ज संपतं, त्या दृष्टीनं अडचण नाही. एकूण व्याज बरंच वाढेल हे खरं. पण नोकरी लागल्यावर तुम्ही हप्ता पुन्हा वाढवू शकता, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. मुदतवाढीमुळे सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, काय नोंद जाईल तेही तिथेच विचारा. बँक लगेच हो म्हणेलच असं नाही. नाही म्हणाली तर लेखी उत्तर मागा आणि हप्ता चालूच ठेवा. ज्या खात्यातून हप्ता कापला जातो तिथे एक हप्ता कायम जादा ठेवा. हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो आणि रेकॉर्डला डाग पडतो.

बँकेनं ऐकलं तर तुमचा महिन्याचा खर्च ४०,९०० वर आणि खात्यातून जाणारे पैसे ३४,९०० वर येतात. ३ लाख २० हजार नऊ महिने पुरतात. बँक नाही म्हणाली तरी आठ महिने. पैसे बँकेत भरले असते तर एक महिनाही निघाला नसता.

हे पैसे एका खात्यात एकत्र ठेवू नका, नजरेसमोर असले की भराभर कमी होतात. पहिल्या दोन महिन्यांचे बचत खात्यात ठेवा आणि उरलेल्यांच्या ४०-४० हजारांच्या वेगवेगळ्या मुदत ठेवी करा. दर एक तारखेला ३४,९०० घरखर्चाच्या खात्यात टाका, पगार आल्यासारखे, आणि महिना त्यातच भागवा. ठेवी बँकेतच करा. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. कोपऱ्यावरची पतसंस्था दोन टक्के जास्त देत असेल तरी हे पैसे तिथे नेऊ नका.

पीएफ तुम्ही अजून काढला नाहीत, ते उत्तम. नोकरी सुटल्यावर त्यातली ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत पावणेपाच लाखांच्या वर. उरलेल्या पाव हिश्श्यासाठी थांबावं लागतं. पण काढता येतं म्हणून काढू नका. खात्यावर व्याज चालू राहतं. ठेवी संपत आल्या, सातवा महिना लागला, की मग लागतील तेवढेच काढा. आत्ता फक्त एवढंच बघा: आधार, पॅन, बँक खातं नीट जोडलेलं आहे का, नावात एखाद्या अक्षराचा फरक तर नाही ना, कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का. ही तारीख नसल्यानं दावे अडकतात, आणि गरज लागेल तेव्हा महिना-दीड महिना त्यातच जातो. तुमची चौदा वर्षं झाली आहेत, म्हणजे दहाच्या वर, तेव्हा ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तुम्हाला आहेच. नवी नोकरी लागली की जुनं खातं नव्यात वर्ग करा.

ग्रॅच्युइटीचा आकडा एकदा स्वतः ताडून पाहा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे हे दोन्ही मिळून २६ हजार असतील तर वर्षाला १५ हजार, चौदा वर्षांचे २ लाख १० हजार. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला की कपातीचं पत्र दिलं? ग्रॅच्युइटी दोन्ही बाबतीत मिळते. पण कपात असेल आणि कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘कामगार’ असाल, तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई ग्रॅच्युइटीखेरीज मिळायला हवी. पद सुपरवायझरचं असलं तरी प्रत्यक्ष काम काय करत होता यावर ते ठरतं. अकराजण मिळून कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारा. एकट्यानं जाण्यापेक्षा ते बरं.

तुमच्याबरोबर ठेकेदाराकडचीही मुलं घरी बसली असतील. त्यांच्यापर्यंत एक निरोप पोचवा: ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात होता (पगार २१ हजारांपर्यंत), त्यांनी आपल्या ईएसआय शाखेत जाऊन बेकारी भत्त्याबद्दल विचारावं. तिथे अशा योजना आहेत आणि बहुतेकांना त्या माहीतच नसतात.

सोनं मोडू नका. वहिनींनी स्वतःहून देऊ केलं यावर तुम्ही पत्रात दोन ओळी लिहिल्यात, त्या मी पुन्हा वाचल्या. तारण ठेवायचं तरी ते आत्ता नाही. सोनेतारण कर्ज दागिन्याच्या किमतीच्या साधारण तीन चतुर्थांश मिळतं, बँकेत व्याजही बेताचं असतं, पण ते बहुधा वर्षभरात फेडावं लागतं. कमाई नसताना घेतलेलं तारण कर्ज सोडवायला पुन्हा कर्ज लागतं, आणि दागिना लिलावात जातो. नवीन नोकरीचं पत्र हातात आहे, पगार दोन महिन्यांनी आहे, मधले दिवस काढायचे आहेत, तर जरूर ठेवा. त्यापलीकडे नाही. आणि मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स उघडूसुद्धा नका. त्यातली काही फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि हप्ता चुकला की तुमच्या आत्याला, मुलीच्या मैत्रिणीच्या आईला फोन करतात. तशा एका मुलाचे वडील माझ्यासमोर बसून रडले आहेत. वसुलीवाल्यांचे म्हणाल तर, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नसतो, शिवीगाळ करायची नसते. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

आता विमा. कंपनीचा गट विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपला. सात-आठ महिने काटकसरीनं काढले आणि एका आजारपणात सगळे गेले, असं होऊ द्यायचं नसेल तर हे काम पहिल्या पंधरवड्यात करा. ज्या विमा कंपनीचा गट विमा होता, तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का विचारा. तशी मिळाली तर जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात गट विम्यातली वर्षं धरली जातात. तुम्हा चौघांसाठी मी २२ हजार धरलेत. आईंसाठी वेगळी पॉलिसी परवडणार नाही, पण त्या सत्तरीच्या वर आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं. त्यात उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, तेव्हा रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का ते पाहा. या योजना ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच चालतात, म्हणून घराजवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आजच लिहून ठेवा. आईंच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात डॉक्टरांना विचारून घ्या, २,२०० चा आकडा खाली येईल.

मेव्हण्यांना प्रेमानं नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगला असेल. पण चहाचं दुकान चालवणं हे एक काम आहे, ते तुम्ही कधी केलेलं नाही, आणि दोन लाख म्हणजे तुमचे पावणेसहा महिने. मंदीत लोक आधी बाहेरचं खाणं-पिणं कमी करतात हेही लक्षात घ्या. धंदा करायचाच असेल तर ज्यात पैसे नाहीत, हात आहेत असा करा. तुम्हाला मोजमाप येतं, ड्रॉईंग वाचता येतं, ऑडिटची कागदपत्रं येतात. भोसरी-तळवड्याच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना ऑडिट आलं की असा माणूस चार दिवसांसाठी हवा असतो, कायमचा ठेवणं परवडत नाही. रोजावर जा. त्यातून ओळखी होतात आणि बहुतेक नोकऱ्या ओळखीतूनच लागतात. नोकरी लावून देतो, आधी पंचवीस हजार द्या असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कमी पगाराची नोकरी घ्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच विचाराल. पहिले तीन महिने तुमच्या बरोबरीची शोधा. चौथ्या महिन्यात २८ हजारांची आली तर घ्या. ४६ चे २८ झाले म्हणून वाईट वाटेल. पण हिशेब बघा: महिन्याला ३४,९०० जात होते, ते ६,९०० वर येतात, आणि उरलेली गंगाजळी महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षं पुरते. चालू नोकरीत राहून दुसरी शोधणाऱ्याशी मुलाखतीत बोलण्याची पद्धतही वेगळी असते, हे तुम्हाला माहीत आहेच.

एलआयसी मोडू नका, मोडताना फार तोटा होतो. अगदी जड गेली तर शाखेत जाऊन ‘पेड-अप’ करता येते का, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू राहते का, ते विचारा. चुलतभावाला दिलेले ६० हजार परत मागायला संकोच वाटतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. मागा. सगळे नाही मिळाले तर महिन्याला पाच हजार दे म्हणा. भाच्याच्या लग्नात आहेराऐवजी चार दिवस आधी जाऊन कामाला लागा. बहिणीला खरं कारण माहीत असेल तर तिला ते साडीपेक्षा जास्त वाटेल.

खरं कारण माहीत असेल तर. म्हणजे आईपासून लपवण्याचा प्रश्न.

संपाच्या काळात आई-वडिलांना वाटायचं की आम्हा मुलांना काही कळत नाही. आम्हाला सगळं कळत होतं. चहाचा रंग रोज थोडा गडद होत गेला, दूध पावशेरावरून छटाकावर आलं, आणि आई ‘मला कोराच आवडतो’ म्हणायला लागली. मी ते खरं मानल्याचं नाटक करायची. कोणी काही सांगत नसल्यामुळे मला जे वाटायचं ते खऱ्यापेक्षा कितीतरी वाईट होतं. रात्री मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहायचे, की आपल्याला गावाला नेऊन सोडणार का.

तुमच्या मुलीला दहावीच्या वर्षात हे नको असं तुम्हाला वाटतं. पण तिला आधीच कळलं असणार. कंपनी महिनाभर मशिनरीसाठी बंद राहत नाही, हे चाकण-मोशीतल्या पोरांना सांगावं लागत नाही. तिला हा कागद दाखवा. नऊ महिने आहेत, तुझा क्लास त्यात धरलेला आहे, हे आकड्यात दिसलं की तिचा जीव भांड्यात पडेल. मुलाला एवढंच सांगा की बाबा नवीन काम शोधताहेत आणि यंदा सायकल नाही.

आईंना तुम्ही स्वतः सांगा, सोसायटीतल्या कुणाकडून कळायच्या आत. शेजारी बसून, आधी काय झालं ते आणि लगेच पुढे काय ठरवलंय ते. सांगाल ते सकाळी सांगा, नाश्ता आणि गोळी झाल्यावर. रात्री सांगू नका, त्या रात्रभर जागत राहतील, आणि दिवसा सांगितलंत तर निदान दुपारभर तुम्ही घरात त्यांच्याजवळ असाल.